रीजन्सी काळातल्या प्रेमकथेत न्यूरोडायव्हर्जंट नायक कसा लिहावा

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्याचं मन बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीने चालतं असा माणूस. रीजन्सी म्हणजे इंग्लंडात राजाच्या जागी युवराज कारभार पाहत होता तो काळ. असा नायक त्या काळात लिहिताना पहिल्या खर्ड्यात हमखास होणारी चूक अशी. साल 1815, लंडन. नायक उमराव आहे, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, गर्दीत कावराबावरा होतो. तिसऱ्या प्रकरणात एक समंजस डॉक्टर नायिकेला खिडकीपाशी नेतो आणि याचं मन इतरांपेक्षा वेगळं कसं चालतं ते पानभर समजावून सांगतो. त्या पानावर कादंबरी एकविसाव्या शतकात येऊन पडते आणि पुन्हा मागे जात नाही.

1815 मधल्या डॉक्टरकडे हे सांगायला शब्दच नव्हते. तारखा एकदा नीट लावून घ्या. लक्ष एका जागी न टिकण्याचं वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने 1798 मध्ये केलं होतं. आपसूक होणाऱ्या झटक्यांचं आणि तोंडातून निघून जाणाऱ्या शब्दांचं इटार्ड या फ्रेंच वैद्याने केलेलं वर्णन 1825 चं, आणि ज्यांच्या नावाने तो विकार ओळखला जातो त्या टूरेट यांचं 1885 चं. वाचण्यातल्या अडचणीसाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने 1887 मध्ये वापरला. अतिचंचल मुलांवरची जॉर्ज स्टिल यांची लंडनमधली व्याख्यानं 1902 ची. ऑटिझमचं आजच्या अर्थाने वर्णन सुखारेवा यांनी 1925 मध्ये, कॅनर यांनी 1943 मध्ये आणि आस्पर्गर यांनी 1944 मध्ये केलं. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द तर 1990 च्या दशकाच्या अखेरीचा. रीजन्सी म्हणजे 1811 ते 1820. तेव्हा आजच्या निदानाचं नाव मलपृष्ठावर लिहा, लेखकाच्या टिपेत लिहा, कथेत मात्र नको.

लोक त्याला काय म्हणतात

निदान नाही म्हणून नाव नाही असं होत नसतं. समाज नावं ठेवतोच. मराठीत लिहिताना आपल्याकडे याचा खजिना आहे: विक्षिप्त, तऱ्हेवाईक, एककल्ली, घुमा, हेकट, वेंधळा, अर्धवट. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लिहायला बसण्यापूर्वी पाच पात्रं निवडा आणि प्रत्येकाच्या तोंडी नायकासाठी एकच ठरलेला शब्द द्या. आई म्हणेल ‘लाजाळू आहे हो’, कारण तिला अजून सून आणायची आहे. धाकटा भाऊ म्हणेल ‘अर्धवट’, कारण त्याची नजर इस्टेटीवर आहे. जुना नोकर म्हणेल ‘साहेबांची रीत’. क्लबातला प्रतिस्पर्धी ‘घुमा’ म्हणेल. आणि नायिकेचा शब्द कादंबरीत एकदा बदलला पाहिजे. तो कुठे बदलतो ते पान आधीच ठरवून ठेवा.

‘स्वमग्न’ हा ऑटिस्टिकसाठीचा आजचा मराठी शब्द मात्र निवेदनातही आणू नका. तो आधुनिक आहे हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: त्या शब्दातून स्वतःत बुडालेला माणूस दिसतो. तुमचा नायक घड्याळाच्या चक्रात, धूमकेतूच्या गणितात किंवा नायिकेच्या हस्ताक्षरातल्या एका वळणात बुडालेला असतो. यातलं काहीच त्याचं ‘स्व’ नाही.

एका पानाचा तक्ता

कथानक रचण्याआधी नायकाच्या मनाचा एक पानाचा तक्ता करा. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), डिस्लेक्सिया, टूरेट यांपैकी एकच धरा. प्रत्यक्षात माणसात दोन एकत्र असू शकतात, पण पहिल्याच कादंबरीत दोन्ही पेलत नाहीत. मग हे लिहा: न सोसणाऱ्या दोन गोष्टी (आवाज, स्पर्श, वास, उजेड यांतल्या), हव्याहव्याशा वाटणारी एक, हाताला लागलेला एक चाळा, ज्यात बुडून जातो असा एक विषय, पाठ असलेले सामाजिक नियम आणि कधीच न कळलेला एक, फार थकल्यावर काय बंद पडतं (बहुतेकांचं बोलणं), आणि भावना आधी शरीरात कुठे कळते. अनेक ऑटिस्टिक माणसांना स्वतःच्या भावनेचं नाव उशिरा सापडतं, पण पोटातला गोळा किंवा गार पडलेली बोटं लगेच जाणवतात. प्रेमकथेत ही शेवटची ओळ सोन्याची आहे. आपण प्रेमात पडलो आहोत हे नायकाला वाचकापेक्षा सत्तर पानं उशिरा कळू शकतं, आणि त्यात लबाडी काहीच नसते.

न सोसणाऱ्या गोष्टी दोनच का? कारण आठ लिहिल्या तर तुम्हीच विसरता. चौथ्या प्रकरणात लोकरीचा स्पर्श न सोसणारा माणूस अकराव्यात लोकरी कोट घालून मजेत घोड्यावर बसतो, आणि चाणाक्ष वाचक तिथेच पुस्तक मिटतो. दुसरं, दोनच असल्या की त्या वाढतात, कथानकात परत येतात. चाळाही एकच. प्रत्येक प्रसंगात नवा चाळा दाखवला की माणूस दिसत नाही, लक्षणांची यादी दिसते.

बुडून जाण्याचा विषय त्या काळात खरा असलेला हवा. लंडनच्या ग्रंथालयात एकटा बसून ‘शास्त्र’ शिकणारा नायक फार झाला. त्यापेक्षा भूस्तर घ्या: विल्यम स्मिथचा इंग्लंडचा भूस्तर-नकाशा 1815 चाच आहे. नौकानयनाच्या पंचांगासाठी घरी बसून चंद्राच्या जागांची आकडेमोड करून देणारी माणसं होती. किंवा चर्चच्या घंटा घ्या. इंग्रजी पद्धतीत घंटा सुरावर वाजवत नाहीत, क्रम बदलत वाजवतात. एकही क्रम पुन्हा न येता सात घंटांचे 5,040 क्रम होतात, ते सगळे वाजवायला सुमारे तीन तास लागतात, आणि ते पाठ करावे लागतात. ज्याला अचानक आवाज सोसत नाही त्याला हा प्रचंड आवाज का सोसतो? कारण पुढचा ठोका केव्हा पडणार हे त्याला ठाऊक आहे. एवढी एक गोष्ट नायिकेला कळली की तिला नायकाबद्दल अर्धं कळलं.

खरी माणसं, खऱ्या नोंदी

मेलेल्या माणसांचं निदान करायच्या भानगडीत पडू नका; त्यांच्या सवयी मात्र घ्या, त्या नोंदलेल्या आहेत. हेन्री कॅव्हेंडिश (1731 ते 1810) हा अफाट श्रीमंत शास्त्रज्ञ रात्रीच्या जेवणाची ऑर्डर टेबलावर चिठ्ठी ठेवून देत असे, म्हणजे घरकाम पाहणाऱ्या बाईशी बोलावं लागू नये. कपडे कायम एकाच, जुन्या झालेल्या धाटणीचे. त्याने पृथ्वीची घनता मोजली ती बंद खोलीत उपकरण ठेवून, बाहेरून दुर्बिणीने. माणसाच्या अंगाच्या ऊबेने हवा हलली तरी माप चुकलं असतं. त्याच्याशी बोलायचं कसं, याची युक्ती त्याच्या ओळखीच्यांना सापडली होती: त्याच्याकडे बघायचं नाही, शून्यात बघून बोलायचं, मग तो उत्तर देतो. ही युक्ती तुमच्या नायिकेला कुणी सांगू नका, तिला ती सापडू द्या. जागाही तयार आहे: उघडी दोनआसनी घोडागाडी. नायक हाकतो आहे, दोघं शेजारी बसलेत, दोघांची नजर रस्त्यावर. डोळ्यांत बघण्याची सक्तीच नाही. उघड्या गाडीत सोबतीला वडीलधारी बाई नसली तरी फारसं कुणी बोट ठेवत नसे, हा वरचा फायदा. रीजन्सी कादंबरीतला सगळ्यात मोकळा संवाद इथे लिहिता येतो.

सॅम्युएल जॉन्सन, शब्दकोशवाला, रीजन्सीच्या आधीचा (1709 ते 1784), पण प्रेमकथाकाराने त्याच्याकडे जरूर पाहावं. मान झटकणं, अंग डोलवणं, रस्त्यातल्या खांबांना हात लावत जाणं, उंबरा ठरावीक पावलांत ओलांडणं, हे सगळं त्याच्या समकालीनांनी लिहून ठेवलं आहे. चित्रकार होगार्थने त्याला पहिल्यांदा एका घरात खिडकीपाशी उभा पाहिला तेव्हा हा कुणीतरी मतिमंद असावा, नातेवाइकांनी इथे सांभाळायला ठेवलेला, असं त्याला वाटलं. मग तो ‘मतिमंद’ पुढे आला आणि राजाविरुद्ध असा काही बोलला की होगार्थ थक्क झाला. पहिल्या भेटीच्या प्रसंगाचा हा नकाशाच आहे: आधी शरीर दिसतं, गैरसमज होतो, मग आवाज ऐकू येतो. जॉन्सनने 1735 मध्ये एलिझाबेथ पोर्टर या आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या विधवेशी लग्न केलं. पहिल्या भेटीनंतर तिने मुलीला सांगितलं होतं, इतका समंजस माणूस मी आजवर पाहिला नाही. झटके तिलाही दिसले असणारच.

कायदा: खलनायकाचं हत्यार

अशा नायकाला समाजात खरी भीती कशाची, तर वेडा ठरवलं जाण्याची. गैरसमजातून अबोला, मग समेट, एवढ्यावर अडलेल्या खर्ड्याला कणा इथून मिळतो.

1774 च्या कायद्यानुसार, पैसेवाल्या माणसाला खाजगी वेड्यांच्या घरात ठेवायला एका वैद्याचं, शल्यवैद्याचं किंवा औषधविक्या वैद्याचं सही केलेलं प्रमाणपत्र पुरे असे. दोन सह्यांची अट 1828 मध्ये आली. मालमत्तेचा ताबा घ्यायचा तर चौकशी आयोग बसवून ज्यूरीपुढे माणसाचं मन तपासलं जाई, आणि साक्षीला नोकर, शेजारी, न्हावी, कुणीही येई. कायदा जन्मापासूनचा ‘इडियट’ आणि मध्येच बिघडलेला, अधूनमधून शुद्धीवर येणारा ‘लुनॅटिक’ असा भेद करत असे. वकिलाच्या तोंडी हे शब्द असेच ठेवा.

पोर्ट्समथच्या तिसऱ्या अर्लचं (अर्ल ही उमरावाची एक पदवी) प्रकरण अभ्यासा. त्याला घंटा वाजवण्याचं आणि अंत्ययात्रांचं वेड होतं. 1814 मध्ये त्याच्याच वकिलाच्या मुलीशी त्याचं लग्न लागलं. वधूला हात धरून आणणारा माणूस कवी लॉर्ड बायरन होता, वकील त्याचाही तोच. 1823 मध्ये ज्यूरीने अर्ल 1809 पासूनच शुद्धीवर नव्हता असा निकाल दिला आणि 1828 मध्ये लग्न रद्द झालं. त्याआधी 1747 मध्ये एडिंबरात ह्यू ब्लेअर या जमीनदाराचं लग्न त्याच्या धाकट्या भावाने कोर्टात जाऊन रद्द करवलं. वारसा हेच कारण. हा अर्ल नायक म्हणून घेण्यासारखा मुळीच नाही, माणसांशी आणि जनावरांशी तो क्रूर होता. घ्यायची ती प्रकरणाची चौकट: वारसदार, वकील, लग्न, ज्यूरी.

या चौकटीतून एक जबाबदारी येते. नायकाला स्वतःचा व्यवहार कळतो याबद्दल वाचकाच्या मनात शंका राहिली तर प्रेमप्रसंग वाचायला नकोसे होतात. म्हणून दुसऱ्या प्रकरणाच्या आत त्याला एक खरं काम पार पाडताना दाखवा: कुळाचा करार वाचून त्यातली चूक काढणं, मुकादमाचा खोटा हिशेब पकडणं. ‘निरागस’, ‘लहान मुलासारखा’ हे शब्द खर्ड्यात शोधून काढून टाका. एकही नको.

शिष्टाचार त्याच्या बाजूने आहेत

रीजन्सी समाज असल्या नायकाला नुसता गुदमरवतो अशी समजूत आहे. अर्धवट खरी. ओळख करून दिल्याशिवाय पुरुषाने नाचाला विचारायचं नाही. सार्वजनिक नाचात ओळख करून द्यायला समारंभप्रमुख नेमलेला असतो. रस्त्यात ओळख दाखवायची की नाही हे स्त्रीने ठरवायचं, आधी तिने मान लववायची. (चेहरे लक्षात न राहणाऱ्या नायकाला यासारखं वरदान नाही.) एकाच मुलीबरोबर दोनपेक्षा जास्त नाच नाहीत. सकाळची भेट पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास. हे सगळं पाठ करता येतं! ग्रामीण नाचाच्या आकृत्याही ठरलेल्या. तुमचा नायक सभागृहातला सर्वांत अचूक नर्तक असू शकतो, आणि असावाच.

तो अडतो ते नियम आणि अपेक्षा जिथे वेगळ्या होतात तिथे. प्रसंग रचायची रीत ही: एक लिखित नियम घ्या, त्याच्या खाली दडलेली न बोललेली अपेक्षा शोधा, आणि नायकाला नियम तंतोतंत पाळू द्या. नायिकेची आई म्हणते, “आमच्याकडे केव्हाही या.” तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर. घर अजून अंथरुणात. नायक उद्धट नाही, आई दुष्ट नाही, आणि तरी अनर्थ झाला आहे. असे तीन प्रसंग पुरतात. चौथ्यापासून तो विदूषक होतो. तिन्हींपैकी एकात तरी चूक समोरच्याची निघाली पाहिजे.

इंद्रियं: जवळून

बहुतेक खर्ड्यांत असा परिच्छेद असतो:

‘त्याला गर्दी सहन होत नसे. आवाजाने त्याचं डोकं भणाणून जाई. तो घाबरून एका कोपऱ्यात उभा राहिला.’

हे बाहेरून लिहिलं आहे. आतून लिहिलं तर:

‘झुंबरात चोवीस मेणबत्त्या होत्या. तेवीस नीट जळत होत्या. उरलेलीची वात वाकली होती आणि मेण ठिबकत होतं, सात मोजेपर्यंत एक थेंब. तिसऱ्या थेंबाला व्हायोलिनवाल्याने तार पिळायला घेतली. पाचव्याला कुणीतरी उजव्या कानाशी त्याचं नाव घेतलं, बहुतेक दुसऱ्यांदा. “हो,” तो म्हणाला. प्रश्न काय होता ते त्याला ठाऊक नव्हतं. सहावा थेंब एका बाईच्या उघड्या खांद्यावर पडला, ती किंचाळली, सगळे हसले. म्हणजे हसायचं होतं. तो हसला, एक क्षण उशिरा.’

‘घाबरला’ हा शब्द दुसऱ्या परिच्छेदात नाही. लक्ष कुठल्या क्रमाने कुठे जातं हाच त्याचा स्वभाव: तपशील आधी, माणूस नंतर, अर्थ सगळ्यात शेवटी. संपूर्ण कादंबरीत त्याच्या बाजूचं निवेदन याच क्रमाने चालवा, आणि नायिकेच्या बाजूचं उलट्या.

काळाचा तपशील इथे फुकट मिळतो. चरबीच्या मेणबत्तीला वास येतो, तिची काजळी सारखी कापावी लागते. मधमाश्यांच्या मेणाची महाग, पण स्वच्छ. पॉल मॉलवर गॅसचे दिवे 1807 पासून. दगडी रस्त्यावर लोखंडी धावांची चाकं. आजारी माणसाच्या घरापुढे आवाज मरावा म्हणून रस्त्यावर पेंढा पसरत. नायिकेने कुणीही आजारी नसताना पेंढा मागवला, यापेक्षा सुंदर प्रेमपत्र सुचणं कठीण आहे. गळ्याभोवतीचं खळ दिलेलं कापड बोचतं. पण काहींना घट्ट दाब आवडतो, त्यांना ते सुखाचंही वाटेल. तक्त्यात काय लिहिलंय ते पाहा.

सगळं असह्य होऊन तोल जाण्याचे प्रसंग पुस्तकात जास्तीत जास्त दोन. त्याची बेरीज आधीच्या दहा पानांत दिसली पाहिजे: झोप नाही, बेत बदलला, नवा कोट, मग तो झुंबराचा थेंब. कारण दिसलं नाही तर तो झटका वाटतो. नंतरचा थकवा आणि शरम लिहायला विसरू नका, ते अर्ध्या दिवसाचं असतं, दोन ओळींचं नव्हे. नायिकेने काय करावं? पडदा ओढावा, माणसं बाहेर काढावीत, स्वतः गप्प राहावं. समोरून धावत येऊन मिठी मारू नये.

पत्रं, स्पर्श आणि ‘तू’

पत्रांबाबत तीन गोष्टी. वाङ्निश्चय झाल्याशिवाय अविवाहित स्त्री-पुरुषांनी एकमेकांना लिहायचं नाही. 1840 पर्यंत टपालाचे पैसे साधारणपणे पत्र घेणाऱ्याने भरायचे, अंतर आणि कागदांच्या संख्येनुसार. म्हणजे नायकाने भूस्तरांवर आठ कागद लिहिले तर भुर्दंड नायिकेच्या वडिलांना. आणि पाकीट नसे, कारण तो आणखी एक कागद धरला जाई. तेव्हा नायिका ‘पाकीट फोडत’ नाही, लाख फोडते. नायक उमराव असेल तर त्याच्या सहीने पत्र फुकट जातं, पण दिवसाला दहाच, आणि पत्ता, तारीख, ठिकाण त्याच्याच हस्ताक्षरात हवं. दहाचा हिशेब ठेवणारा नायक किती सहज लिहिता येतो पाहा.

स्पर्शाचा नियम: हलका, ओझरता स्पर्श अनेकांना नको असतो, ठाम आणि सांगून केलेला चालतो. नाचात हातमोजे असतात, ते कामाला येतात. हातमोजा कधी उतरतो, कोण उतरवतं, आधी विचारलं जातं का, यावर एक आख्खं प्रकरण उभं राहतं. विचारणं हे इथे प्रणयाच्या आड येत नाही. या नायकाच्या बाबतीत विचारणं हाच प्रणय आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला एक गोष्ट आयती मिळते, ती इंग्रजीत नाही: ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं. तिकडे आडनावावरून पाळण्यातल्या नावावर येतात, आपल्याकडे क्रियापदसुद्धा बदलतं. नियमाने चालणाऱ्या माणसाला हा बदल आपोआप जमणार नाही, म्हणून तो उघड्यावर आणा:

“तू अजून मला ‘तुम्ही’ म्हणतोस.”

“नियम बदलला का?”

“आठ दिवसांपूर्वी.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मीच सांगायला हवं होतं.”

त्याने मान हलवली. “आजपासून, की आत्तापासून?”

यात तो यंत्रासारखा बोलत नाही याकडे लक्ष द्या. वाक्यं छोटी आहेत, प्रश्न खरा आहे. ‘मला भावना समजत नाहीत’ छापाची वाक्यं कुणी बोलत नाही. आवडीच्या विषयावर त्याला दोन पानं सलग बोलू द्या. मात्र त्या बोलण्यात प्रेमाचा धागा लपलेला असू द्या.

बाकीचे तीन नायक

आतापर्यंतचं बरंचसं ऑटिस्टिक नायकाला धरून होतं. एडीएचडीचा नायक खुशालचेंडू दिसतो, म्हणून सोपा वाटतो. त्याची खरी जागा त्याच्या टेबलावर आहे: अर्धी वाचलेली पत्रं, न भरलेली बिलं, तीन सुरू केलेली आणि एकही न संपलेली बांधकामं. नायिकेला तो विसरत नाही, तिला भेटायची वेळ विसरतो, आणि हा फरक तिला पटायला अर्धी कादंबरी लागावी. त्याच्या शिक्षेसाठी अपघात घडवू नका.

डिस्लेक्सियाचा नायक असेल तर त्याची पत्रं चिटणीस वाचतो, म्हणजे नायिकेचं प्रेमपत्रही आधी तिसऱ्याच्या डोळ्यांखालून जातं. त्यात टपाल वाचवायला तिने कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरून उभ्या ओळी लिहिल्या असतील, तर ते पान त्याच्यासाठी जाळं आहे. त्याचं स्वतःचं पत्र दाखवताना ऱ्हस्व-दीर्घाचा चिवडा करू नका. एका पत्रात दोन-तीन शब्द चुकवा, बस्स.

झटके येणाऱ्या नायकाला शांतता महागात पडते. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा होते, साऱ्या गावाची नजर त्याच्यावर. 1754 पासून अमलात आलेल्या कायद्याने घोषणा किंवा परवाना यांतलं एक लागतंच. साध्या परवान्याने लग्न सकाळी आठ ते बारा चर्चमध्ये, आणि आर्चबिशपच्या खास परवान्याने हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी. खास परवाना कादंबऱ्यांत ऐट म्हणून येतो. इथे त्याला कारण मिळतं.

नायिका

ती त्याची शिक्षिका झाली की प्रेमकथा संपली. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने 2012 मध्ये मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी आहे: न समजण्याचा दोष एकाच बाजूचा नसतो, दोघंही एकमेकांना चुकीचं वाचतात. खर्डा झाला की गैरसमजांची यादी करा आणि प्रत्येकापुढे कुणाचं चुकलं ते लिहा. सगळीकडे ‘तो’ आलं तर परत बसा. तिला त्याच्याकडून काहीतरी हवं असलं पाहिजे जे इतर कुणाकडे नाही; बहुधा खरं बोलणं. पण खरं बोलणं आणि लागेल असं बोलणं यांत त्यालाही फरक करता येतो, निदान दुखावल्याचं कळल्यावर माफी मागता येते. क्रूर वाक्याला ‘तो असाच आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

पाऊण कादंबरी झाल्यावर ताटातूट होते ती त्याच्या निर्णयातून होऊ द्या, लक्षणातून नको. तिला चौकशीत साक्ष द्यावी लागू नये म्हणून तो वाङ्निश्चय मोडतो, हा निर्णय आहे. नाचात तोल गेला म्हणून ती निघून गेली, हा निर्णय नव्हे.

शेवट गोड हवा, पण बरा झालेला नायक नको. सगळ्यात घिसापिटा शेवट म्हणजे ‘आणि त्याने प्रथमच तिच्या डोळ्यांत पाहिलं’. तो दुसऱ्या कुठल्याही वाक्याने बदला. त्याऐवजी घराची व्यवस्था दाखवा: जेवायला दोन वेळा ठरलेल्या, पाहुणे फक्त गुरुवारी, जिन्याखालची खोली त्याची आणि तिथे दार वाजवूनच जायचं. ही व्यवस्था ठरवताना दोघं घासाघीस करतात. तो प्रसंग लिहायला मजा येते.

दुसऱ्या खर्ड्यानंतर

ज्या प्रकारचं मन लिहिलंय तसंच मन असलेल्या दोन-तीन प्रौढांना खर्डा वाचायला द्या. मोबदला ठरवा. तिसऱ्या खर्ड्यानंतर दिलात तर बदल करायची तुमची तयारी संपलेली असते. ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, नेमकं विचारा: पान कितीवर नायक तुमचा वाटणं थांबला? कुठला चाळा खोटा वाटला? तोल गेल्यानंतर तो इतक्या लवकर सावरेल का? एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उलट आलं तर घाबरू नका, तुमच्या तक्त्याशी जुळणारं घ्या.

मलपृष्ठाच्या मजकुरात ‘ऑटिस्टिक नायक’ किंवा ‘डिस्लेक्सिया असलेला उमराव’ असं सरळ लिहा, वाचक त्याच शब्दाने शोधतात. आत मात्र एकदा शब्द-शोध लावून ‘ताण’, ‘पॅनिक’, ‘ट्रिगर’, ‘फोकस’ आणि ‘पाकीट’ काढून टाका.